हद्दीबाहेरचे आभार

कोकणातल्या माणसाला शिवी दिली तर तो ती व्याजासकट परत करतो, उसने मागितले तर कुरकुरत का होईना देतो. पण त्याचे तोंडावर आभार मानले, तर ते घेऊन ठेवायचे कुठे हे त्याला उमगत नाही आणि तो मानणाऱ्याकडेच संशयाने पाहू लागतो. मी सरकारी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून उभी हयात काढली. लोकांच्या हद्दी दाखवताना शिव्या, शाप, देवाला नारळ ठेवण्याच्या धमक्या आणि एकदा अंगावर सोडलेली गाभण म्हैस इतके सगळे झेलले. परंतु निवृत्तीनंतर चार माणसांचे आभार मानण्याच्या कामात जो घाम निघाला, तो भर वैशाखात सड्यावर यंत्र खांद्यावर घेऊन चालतानाही निघाला नव्हता.

ही कल्पना माझी नव्हे. माझी मुलगी पुण्याला एका कंपनीत नोकरी करते, आणि तिथे म्हणे वर्षातून एकदा सगळेजण आपल्याला या व्यवसायाची प्रेरणा देणाऱ्यांना कृतज्ञतेची पत्रे लिहितात. माझा निरोप समारंभ आटोपला त्या रात्री तिने फोनवर विचारले, "बाबा, तुम्ही मोजणीत आलात ते कोणामुळे? त्यांना कधी सांगितलंत का तसं?" मी म्हणालो, की आपल्याकडे अशा गोष्टी बाराव्या-तेराव्याला जेवणाच्या पंगतीत बोलण्याची पद्धत आहे. त्यावर ती म्हणाली, "पण ज्यांच्याविषयी बोलायचं ते त्या पंगतीत नसतात ना!" हा मुद्दा खोडता येण्याजोगा नव्हता.

निरोप समारंभात मी प्रथेप्रमाणे थोरांची नावे घेतली होती. प्रत्यक्षात माझ्या पोटापाण्याच्या वाटेचा उगम आमच्या वाडीतल्या एका गडग्यात, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणात, आहे, आणि ते भाषणात सांगणे बरे दिसले नसते.

आमच्या वाडीत वरचे घर आणि खालचे घर अशी एकाच खापरपणजोबांची दोन घरे आहेत. वरच्या घरचे आबा आणि खालच्या घरचे भाई हे एकमेकांचे चुलतभाऊ, आणि दोघांच्या आगरांमधून जाणारा जांभ्याचा गडगा हा दोघांच्याही आयुष्याचा मुख्य विषय. दर पावसाळ्यात तो थोडा ढासळे, दर दसऱ्यानंतर तो पुन्हा रचला जाई, आणि रचणारा जो असेल त्याच्या मनाप्रमाणे तो हातभर इकडे किंवा तिकडे सरके. मी सातवी-आठवीत असताना, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा अजून झालेला नव्हता (तो १९८१चा) आणि आमचा देवगड तालुका रत्नागिरीतच मोडत होता त्या काळात, शेवटी हद्द कायम करण्यासाठी तालुक्याहून मोजणीदार आले.

त्यांच्या शिपायाच्या खांद्यावर तेहतीस फुटांची लोखंडी साखळी होती. सोळा आण्यांचा रुपया तशी ही सोळा आण्यांची साखळी, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, हे ज्ञान मला त्याच दिवशी झाले. मोजणीदारांनी तीन पायांवर फळा मांडला, त्यावर कागद ताणून बसवला, पाणसळ ठेवून फळा समपातळीत आणला, आणि मग खिशातून ब्लेड काढून ते पेन्सिलीला टोक काढायला बसले. ते टोक आमच्या शाळेतल्या पेन्सिलींसारखे गोल नव्हते. पटाशीच्या पात्यासारखे चपटे होते. एकेक ढलपी ते फुंकरीने उडवीत, टोक डोळ्यांसमोर धरीत, मान हलवीत आणि पुन्हा ब्लेड लावीत. या सगळ्या वेळात आबा आणि भाई, ज्यांचे भांडण दोघांपैकी एक ताप येऊन पडला तरी बंद होत नसे, ते त्या पेन्सिलीकडे पाहत चिडीचूप उभे होते. वाडीतल्या बायका तव्यावरचे घावणे तसेच टाकून गडग्याशी आल्या, त्या भांडण ऐकायला नव्हे, तर ते बंद पडले म्हणजे कसे असते ते बघायला. आवाज न चढवता, हातात नुसती पेन्सिल घेऊन कोणी आबा-भाईंना गप्प करू शकतो, याहून मोठा पराक्रम मी तोवर पाहिलेला नव्हता. मोठेपणी हेच काम करायचे, हे मी त्या गडग्यावर बसून ठरवले.

मोजणीदार खुणा घालून निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत भांडण पूर्ववत सुरू झाले, हे खरे. पण आता त्याला शास्त्रीय पाया मिळाला होता. जुन्या वाटपपत्रात 'वीस गुंठे' असे लिहिलेले, आणि सातबाऱ्यावर तोवर हेक्टर व आर अवतरलेले. आबांच्या मते गुंठा म्हणजेच आर. भाईंच्या मते गुंठा मोठा. हिशेबाने भाईंचे बरोबर आहे, कारण आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे १०१.१७. वीस गुंठ्यांत हा फरक सुमारे २३ चौरस मीटरांचा होतो. माडाची लागवड साडेसात मीटर अंतराने करावी अशी शिफारस आहे, म्हणजे एका माडाला छप्पन्न चौरस मीटर जागा लागते. याचा अर्थ, दोन घरांच्या तीन पिढ्या, दोन वकील आणि एक दिवाणी दावा ज्यावर पोसला गेला, त्या जागेत अर्धा माडसुद्धा मावत नाही. असो. मला मात्र त्या अर्ध्या माडाने आयुष्यभराची भाकरी दिली.

तर आभार मानण्याची यादी झाली ती अशी: हे दोघे चुलतभाऊ, ते मोजणीदार, आणि ज्यांनी शाळेच्या मैदानाचे दोरीने त्रिकोण पाडून आमच्याकडून क्षेत्रफळ काढून घेतले ते गणिताचे मास्तर. सुरुवात मास्तरांपासून करणे सोपे जाईल असे वाटले, कारण गुरू हा आभार स्वीकारण्याच्या पदावरचाच माणूस असतो.

आता आभार मानायचे म्हणजे रीतसर शाल आणि श्रीफळ हवे. हा रिवाज ज्याने काढला तो घाटावरचा असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे. आमच्याकडे ज्याला श्रीफळ द्यायचे त्याच्या पडवीत न सोललेल्या नारळांचा ढीग आढ्यापर्यंत गेलेला असतो, आणि त्याच्यापुढे बाजारातून विकत घेतलेला एक नारळ दोन्ही हातांनी धरून उभे राहणे म्हणजे समुद्राला पाण्याचा तांब्या भेट देण्यापैकी आहे. शालीची कथा आणखी वेगळी. समुद्रकाठच्या उकाड्यात माणूस पंचासुद्धा खांद्यावर टाकतो तो घाम पुसायला. त्यामुळे कोकणात सत्काराची शाल कोणी पांघरत नाही. ती पेटीत जाते, पेटीतून पुढच्या सत्काराला जाते, आणि एकदा तर मी दिलेली शाल पाच-सहा गावे हिंडून, कोपऱ्यावरच्या त्याच हळदीच्या डागासह, माझ्याच निरोप समारंभात माझ्या खांद्यावर आली.

मास्तर नव्वदीला टेकलेले, पण ताठ. "दापोलीकडच्या मुर्डीचा पोर १८९९ साली केंब्रिजात सीनिअर रँग्लर होता, आणि तुका त्रिकोणाचा क्षेत्रफळ येणा नाय?" असे विचारून त्यांनी केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या रँग्लर परांजप्यांच्या नावाने आमचे कान पिळलेले. मी नमस्कार केला, शाल घातली, नारळ हातात दिला आणि पाठ करून आणलेली वाक्ये म्हटली, की मास्तर, तुम्ही नसता तर मी या व्यवसायात आलोच नसतो, तुमचे ऋण फिटण्यासारखे नाही. मास्तरांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी नारळ बाजूला ठेवला आणि खालच्या आवाजात विचारले, "तुका कोणी सांगल्यान?"

"काय, मास्तर?"

"माझो रिपोर्ट."

मागच्याच आठवड्यात त्यांनी कसलीशी रक्ततपासणी केली होती. इतकी वर्षे वाटेत भेटल्यावर नुसती मान हलवणारा विद्यार्थी अचानक घरी येतो, शाल घालतो आणि ऋण फिटणार नाही म्हणतो, याचा वैद्यकीय अर्थ त्यांनी क्षणात काढला. आतून काकू आल्या, त्यांनी शाल पाहिली आणि डोळ्यांना पदर लावला. मी जितके जोरात "तसं काही नाही" म्हणू लागलो, तितके दोघांनाही ते तसेच असल्याचे पटू लागले, कारण तसे असते तेव्हा लोक असेच बोलतात. रात्री डोंबिवलीहून त्यांच्या मुलाचा मला फोन आला: "काका, मला तरी खरं सांगा." दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसे केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन पाहायला गेली आणि मास्तरांविषयी इतके चांगले बोलली, की उरलीसुरली शंकाही फिटली. मुलगा कोकणकन्या पकडून कणकवलीला उतरला, वडिलांना गाडीत घालून नखशिखांत तपासण्या करून आला, आणि सगळे काही उत्तम निघाले. मास्तर आता भेटणाऱ्याला सांगतात, की माझ्या एका विद्यार्थ्याने आभार मानले, त्याचे बिल साडेअकरा हजार झाले.

या प्रसंगाने मी खचलो नाही, कारण आमच्या व्यवसायाचा इतिहास मला थोडाफार ठाऊक आहे. करिअरला वळण देणाऱ्याचे जगातले सर्वांत उंच आभार एका मोजणीदारानेच मानले आहेत. सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांनी १८५२ साली गणिते मांडून 'शिखर क्रमांक पंधरा' हे सर्वांत उंच असल्याचे दाखवले. पुढे त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या वेळचे सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांना आपले आधीचे वरिष्ठ जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याविषयी फार आदर होता, म्हणून त्यांनी १८५६ मध्ये शिखराला त्यांचेच नाव सुचवले. आता हा मान मिळाल्यावर एव्हरेस्ट साहेबांनी काय करावे? त्यांनी हरकत घेतली! हे नाव हिंदीत लिहिता येत नाही आणि हिंदुस्थानातल्या लोकांना उच्चारता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ती हरकत फेटाळून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८६५ साली नाव कायम केले, आणि पुढच्याच वर्षी साहेब वारले. (हे मी मास्तरांना सांगितले नाही.) त्यांना स्वतःला या कामात घेणारे लॅम्ब्टन साहेब मात्र १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले, तिथेच त्यांची कबर आहे, आणि त्यांच्या नावाने साधी टेकडीही कोणी मागितली नाही. सिकदारांचे तर विचारूच नका. आभारांची मोजणी आमच्या खात्यातही पहिल्यापासून अशीच चुकत आलेली आहे.

मोजणीदारांकडे जाताना मी शाल नेली नाही. ते निवृत्त होऊन वेंगुर्ल्याकडे काजूच्या बागेत राहतात. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले, पेन्शन वेळेवर सुरू झाली का ते विचारले, आणि पेन्सिलीची गोष्ट निघाल्यावर खो खो हसत सुटले. "अहो, मी घाबरलो होतो," ते म्हणाले. "नोकरीला लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. दोघांच्या हातात कोयते. आमच्या जुन्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की काही सुचलं नाही तर पेन्सिलीला टोक काढायला बसावं, लोक गप्प होतात. त्या दिवशी अर्धी पेन्सिल संपली माझी." माझ्या सबंध आयुष्याच्या प्रेरणेचा असा उलगडा झाल्यावर मला वाईट वाटायला हवे होते, पण खरे सांगायचे तर मोजणीचे इलेक्ट्रॉनिक ईटीएस यंत्र आल्यावर पेन्सिल लागेना म्हणून मी स्वतः पुढची सगळी नोकरी अशा वेळी चष्मा पुसत काढली, आणि ही युक्ती मला कोणी शिकवलेली नव्हती. निघताना त्यांनी माझ्या गाडीत एक कापा फणस, कोकमाच्या आगळाची बाटली आणि काजूची पिशवी कोंबली. आभार मानायला गेलेला मी उलट त्यांचेच देणे डोक्यावर घेऊन परतलो.

उरले आबा आणि भाई, आणि इथे मला माझ्या सर्व व्यावसायिक अनुभवाची गरज होती. हद्द मोजायची तर आम्ही लगतच्या सगळ्या खातेदारांना एकाच वेळी नोटीस काढतो, म्हणजे कोणाला पहिला-दुसरा म्हणायला जागा राहत नाही. आभारांना अशी सोय नाही. एकाच पाणंदीने दोन्ही घरांकडे जावे लागते. वरच्या घराच्या पडवीतून खालच्या घराचे खळे दिसते, आणि खालच्या घराचा कुत्रा वरच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाची जाहीर नोंद घेतो. मी आबांकडे बसून विषय काढताच आबा म्हणाले, "आभार मानतंस ता बरा. पण पयलो खय गेल्लंस, ता सांग." पहिला तुमच्याकडेच आलो, असे सांगितल्यावर ते प्रसन्न झाले आणि लगेच सावध झाले. त्यांच्या डोळ्यांत मी मोजणीचा माणूस होतो, आणि मोजणीच्या माणसाने वरच्या घराचे आभार मानले, याचा उपयोग दाव्यात होऊ शकत होता. "मगे ता लिवन दी," ते म्हणाले. मजकूरही त्यांनीच सांगितला: गडग्यालगतच्या रायवळ आंब्यापर्यंत ज्यांची कायदेशीर वहिवाट आहे, त्या वरच्या घरच्या आबांमुळे मला मोजणीची प्रेरणा मिळाली. वकिलाने सांगितल्यास पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर.

मी तिथून कसाबसा सुटून खाली गेलो, तर भाई खळ्यात उभेच. "आबाच्या पडवीत चाय घेतलंस ती मिया बघलंय," एवढेच बोलून त्यांनी मला चहा विचारला नाही. आभाराचे नाव काढताच त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू इतक्या वर्षांनी फितूर सापडला. म्हणजे त्या मोजणीच्या दिवशी मी, एक आठवीतला पोरगा, गडग्यावर बसलो होतो तो वरच्या घरच्या बाजूने पाय सोडून बसलो होतो की खालच्या, असा प्रश्न त्यांनी विचारला, आणि मला तो आठवेना.

शेवटी ही गाठ गावच्या प्रमुख मानकऱ्यांनी सोडवली. ते म्हणाले, तोंडावर कशाला बोलतोस, जत्रेच्या दिवशी रवळनाथापुढे गाऱ्हाण्यात घालूया. देवाच्या कानावर घातले की सगळ्यांनी ऐकले आणि कोणालाच सांगितले नाही. ही सूचना मला फार आवडली. आमच्याकडे माणसाविषयी चांगले बोलायचे असेल तर ते देवाला सांगावे, तो कोणाचा नातेवाईक नाही.

जत्रेच्या दिवशी देवळापुढे सगळे गाव उभे. आबा उजवीकडच्या खांबाला, भाई डावीकडच्या. मानकऱ्यांनी आवाज लावला:

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान सरकारी चाकरी सुखरूप पार पाडल्यान..."

"व्हय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"तेका ह्या वाटेक लावणारे, वाडीतले वरच्या-खालच्या घरचे जे कोण आसतीत, तेंका उदंड आयुष्य दी रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंच्या मदलो गडगो आज जय आसा, थयच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने त्यात आबांचा आणि भाईंचा आवाज सर्वांत वर होता. ओरडून झाल्यावर काय कबूल केले ते दोघांच्याही एकदमच लक्षात आले. मी दोन्ही खांबांकडे आळीपाळीने पाहिले आणि चष्मा पुसू लागलो.

त्यानंतर चार दिवसांनी ते दोघे माझ्या घरी आले. बरोबर आले, आणि माझ्या पडवीतल्या एकाच बाकावर बसले. त्यांचे म्हणणे, की हे कलम मजकुरात नव्हते, ते मानकऱ्यांनी परस्पर घातले, आणि देवापुढे न विचारता घेतलेली संमती कायद्याने बांधून ठेवते का, हे तालुक्याच्या वकिलाला विचारायला हवे. शिवाय 'वरच्या-खालच्या' या क्रमाला भाईंची स्वतंत्र हरकत होती. पुढच्या वर्षी 'खालच्या-वरच्या' म्हणावे, असा अर्ज त्यांनी देवस्थानाकडे दिला आहे. वकिलाकडे जायला दोघांत एकच रिक्षा ठरली, भाडे निम्मे-निम्मे. परत आल्यावर भाईंनी आक्षेप घेतला, की खालचे घर पाणंदीने हमरस्त्याला जवळ आहे, तेव्हा मधल्या अंतराचे पैसे आबांनी एकट्याने सोसले पाहिजेत. ते अंतर नेमके किती भरते याच्या मोजणीसाठी मला येत्या सोमवारी बोलावले आहे, आणि फी विचारली तेव्हा दोघेही एकदमच म्हणाले, की घरच्या माणसाकडून कोणी पैसे घेतो का?